चौथ्या चरणाआधीचा श्वास

(परभणीतील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय ‘संगीतकारांशी गप्पा’ असा छापलाय. गप्पा हा शब्द मला आवडला. मुलाखत म्हटलं की समोरचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसतो आणि त्याचं बोलणंही इस्त्री केल्यासारखं होतं. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका म्हणून काम सुरू केलं तेव्हापासून, म्हणजे गेली 18 वर्षं, मी मराठवाड्यात चाली लावणाऱ्या माणसांना भेटत आले आहे. त्यात जिल्हा परिषद शाळांतले गुरुजी आहेत, भीमगीतांच्या कॅसेटना चाली देणारे आहेत, राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांना पार्श्वसंगीत देणारी मुलं आहेत, विद्यापीठाच्या युवक महोत्सवात समूहगीत बसवणारे आहेत. आता घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटलेलेही बरेच आहेत. बहुतेकांची नावं तुम्हाला माहीत नसतील. त्यांच्या चाली मात्र तुमच्यातल्या पुष्कळांनी शाळेत किंवा मिरवणुकीत म्हटल्या असतील. नावं मी आज घेणार नाही. त्यांनी घरात बसून मोकळेपणानं सांगितलं, त्या मोकळेपणाची राखण करणं माझं काम आहे.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते. ही चाल तुम्हाला कशी सुचली? उत्तरंही एकाच साच्याची यायची. देवाची कृपा. आपोआप आली. पहाटे जाग आली आणि ओठांवर होती. ही माणसं खोटं बोलत नव्हती, पण त्या उत्तरांच्या पुढं काही जायचंच नाही. ध्वनिमुद्रण घरी येऊन ऐकायचे तेव्हा चाळीस मिनिटांत गाण्याबद्दल दोन मिनिटंही सापडायची नाहीत.

ते बदललं गंगाखेडला. तिथं एक निवृत्त गुरुजी राहतात. जनाबाईंच्या एका अभंगाला त्यांनी लावलेली चाल मी एका सप्ताहात ऐकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं घर गाठलं. नेहमीचा प्रश्न टाकला. गुरुजींनी काही न बोलता पेटी पुढं ओढली, भाता सोडला, काळी दोनवर सूर धरला आणि म्हणाले, “ताई, सुचलं कसं ते विचारू नका. अडलं कुठं ते विचारा.”

मी विचारलं. पुढचे अडीच तास ते बोलत होते, वाजवत होते.

अडलं होतं चौथ्या चरणापाशी. मोठ्या अभंगाची घडण तुम्हाला ठाऊक आहे. चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. तुकोबांचा सगळ्यांच्या तोंडी असलेला अभंग घ्या. सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. बोटांवर मोजा. सहा, सहा, सहा, चार. तीनदा सहा पावलं चालायचं आणि चौथ्यांदा चार पावलांतच उंबरा येतो. दोन अक्षरांची जागा रिकामी राहते आणि चाल लावणाऱ्याला तिचं काहीतरी करावंच लागतं. भजनी मंडळं बहुधा शेवटचं अक्षर ओढतात, कारण टाळकऱ्यांना समेवर यायला ते सोयीचं पडतं. कुणी ती जागा मृदंगाला देऊन टाकतो. कुणी एक ‘हरी’ किंवा ‘विठ्ठल’ घालून भरून काढतो.

गुरुजींना यातलं काहीच मानवेना. ते म्हणाले, “जनाई दळताना गाते. दळणाऱ्या बाईला ओढायला श्वास कुठला? तिला थांबायला लागतं.” म्हणून त्यांनी ती दोन अक्षरांची जागा चौथ्या चरणाच्या आधी आणली. तिसरा चरण झाला की चाल थांबते, एक श्वास घेते, मग चार अक्षरं येतात. सांगायला एवढंच. पण तिथं पोचायला त्यांनी तीन चाली टाकून दिल्या होत्या आणि तिन्ही त्यांना पाठ होत्या. मला त्यांनी त्या एकेक वाजवून दाखवल्या. पहिली भूपातली, गोड होती. पण ती शाळेच्या प्रार्थनेसारखी वाटत होती. दुसरी भैरवीत. तिच्याबद्दल गुरुजी म्हणाले, “ही म्हटली की मैफल उठल्यासारखी वाटायची. आणि जनाईचा तर दिवस आत्ता कुठं उजाडतोय, दळण पहाटेचं आहे.” तिसरी चाल अंतऱ्यात इतकी वर जायची की फक्त गवयालाच म्हणता आली असती. चौथी ठेवली. तिच्यात कोमल रिषभ आहे, त्यामुळं पहाट येते. बाकीची वळणं मात्र रागाची नाहीत. ती त्यांनी आईच्या ओवीतून उचललीत.

निघताना मी म्हटलं, या टाकलेल्या चालींबद्दल आधी कुणाला सांगितलंत का? ते म्हणाले, “कुणी विचारलंच नाही.”

त्या दिवसापासून मी फक्त अडलेल्या जागा विचारते, आणि माणसं बोलती होतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकलेला एक तरुण संगीतकार आता मालिका आणि चित्रपटांसाठी काम करतो. त्याला विचारलं तेव्हा तो शब्दांवर आला. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ म्हणत शब्दाला सिंहासनावर बसवलं. आजच्या धंद्यात मात्र बहुतेक वेळा चाल आधी होते. संगीतकार त्यात काहीतरी कच्चे शब्द भरून पाठवतो, त्याला डमी म्हणतात, आणि गीतकार त्या मापात शब्द बसवतो. हा मुलगा डमी शब्द आपल्या बोलीत घालतो. त्याच्या एका मुखड्यात ‘कुठं चाललास रं’ असे शब्द होते. गीतकाराकडून आले ‘कुठे निघालास तू’. मात्रा तंतोतंत, अर्थही जवळचा. पण गाणं बसेना. दोन दिवस त्याला कळेना की बिघडलंय काय. मग ध्यानात आलं. ‘कुठं’च्या शेवटी तोंड उघडं राहतं, सूर छातीतून येतो. ‘कुठे’च्या शेवटी ओठ पसरतात आणि सूर पातळ होतो. आणि ‘रं’ ज्या खालच्या स्वरावर टेकत होता, तिथं ‘तू’ टेकेना. शेवटी त्यानं चाल बदलली, कारण शब्द बदलून मागायची त्याची पत अजून झालेली नव्हती. हे सांगताना त्याचा आवाज जड झाला होता.

त्याला मी महानोरांची आठवण करून दिली. ना. धों. महानोरांचं पळसखेडं आपल्या सोयगाव तालुक्यातलं. 1977 च्या ‘जैत रे जैत’मध्ये त्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या. पुढं ‘एक होता विदूषक’ आणि ‘मुक्ता’मध्ये आनंद मोडकांनी दिल्या. शेतातल्या माणसाचं बोलणं तिथं चालीसाठी घासूनपुसून काढलेलं नाही, चालच त्या बोलण्याच्या वळणानं जाते. माझ्या मते मराठी गाण्याला मराठवाड्यानं दिलेली ही फार मोठी देणगी आहे आणि आपण ती पुरेशी मिरवत नाही.

आता धाराशिव जिल्ह्यातल्या एका खोलीची गोष्ट. दहा बाय बाराची खोली, एक संगणक, एक चांगला माइक, आणि चारही भिंतींवर आईनं शिवलेल्या गोधड्या. आवाज घुमू नये म्हणून. मे महिना, बाहेर 42 अंश, आणि पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद. तिथं हा संगीतकार तुळजापूरकडच्या एका वयस्कर गोंधळ्याचं संबळ ध्वनिमुद्रित करत होता. संगणकात संबळाचे तयार तुकडे मिळतात, तेच का वापरले नाहीत असं मी विचारलं. त्यानं ते लावून दाखवले. प्रत्येक ठोका सारखा, प्रत्येक ठोका स्वच्छ. मग त्यानं खरं संबळ ऐकवलं. एक काठी सरळ, दुसरी टोकाला वाकलेली, आणि त्या वाकड्या काठीचा घोगरा आवाज दर वेळी थोडा वेगळा. देवीच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं.

अडलं ते पुढं. आजकाल ध्वनिमुद्रण करताना वादकाच्या कानात लयीची टिकटिक देतात, त्याला क्लिक म्हणतात. सगळी वाद्यं वेगवेगळ्या दिवशी वाजली तरी ती एकमेकांवर नीट बसावीत म्हणून. गोंधळीबाबांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, “कानातलं हे काढा, मला तुमचा गळा ऐकू येईना.” ते गाणाऱ्याच्या श्वासाकडं बघून लय पुढं-मागं नेत होते. त्यात भर म्हणजे उन्हानं कातडं ताणून संबळ चढलं, आणि गायकाची पट्टी त्याला लागेना. संगीतकारानं काय केलं? तयार केलेला सगळा ट्रॅक पुसला. आधी गोंधळी आणि गायक समोरासमोर बसवले, गायकाची पट्टी अर्ध्या स्वरानं वर नेली, आणि बाकीची वाद्यं नंतर त्यांच्या लयीवर चढवली. त्यात बारा दिवस गेले. निर्मात्यानं बारा दिवसांचे पैसे दिले नाहीत, ठरलेले दिले.

हाच मुलगा अजय-अतुल यांना मनापासून मानतो. ‘जोगवा’ला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा तो शाळेत होता. ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं, हे तो डोळे मोठे करून सांगतो. मला त्याच्या गोधड्यांच्या खोलीत आणि त्या मोठ्या दालनात नातं दिसतं. जो आवाज हवा तो जिथं आहे तिथून खराखुरा आणायचा, ही ओढ दोन्हीकडं एकच आहे.

बायकांबद्दल बोलायलाच हवं. 18 वर्षांत मला मराठवाड्यात चाली लावणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या भेटल्या, असं मी पूर्वी म्हणायचे. नांदेडच्या एका ताईंनी मला थांबवलं. त्या कन्याशाळेत संगीत शिकवतात, त्यांच्या चाली शेकडो मुली म्हणतात. त्या म्हणाल्या, “बाईनं गायलं असं लोक म्हणतात. बाईनं चाल लावली असं कुणी म्हणत नाही.” मग मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. बायका तिथं चालीला ‘गळा’ म्हणतात. ही ओवी या गळ्यावर, ती त्या गळ्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हां यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यात आहेत. ते गळे कुणीतरी पहिल्यांदा लावले असतील ना? गुरुजींनी ज्या ओवीतून वळण उचललं, ती त्यांच्या आईची होती. म्हणजे त्या अभंगाच्या संगीतकार दोघं झाले. हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, “तिचं नाव लिहा पुढच्या वेळी.” आम्ही लिहिलं.

आता पैशाचं. ते अवघड जातं, पण टाळलं तर या माणसांवर अन्याय होईल. जालन्यात एक आजोबा आहेत. नव्वदच्या दशकात त्यांनी भीमगीतांच्या कॅसेटना चाली दिल्या. दर कॅसेटमागं एकरकमी पैसे हातावर, कागद काही नाही, कव्हरवर गायकाचा फोटो आणि यांचं नाव नाही. दर 14 एप्रिलला मिरवणूक त्यांच्या दारावरून जाते आणि त्यांचीच चाल वाजत जाते. ते दारात उभे राहतात. नातवाच्या मित्रांना एकदा म्हणाले, ही माझी आहे. मुलांनी मोबाइल काढून दाखवला, “आजोबा, इथं तर दुसऱ्याचं नाव आहे.” हे सांगताना ते रडले नाहीत. मला मात्र पुढचा प्रश्न विचारता आला नाही.

म्हणून आज समोर बसलेल्या तरुणांना मी कायद्यातलं एक कलम सांगते. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातलं किंवा ध्वनिमुद्रिकेतलं गाणं असेल तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क लिहून घेता येत नाही. गाणं विकलं तरी पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा राहतो. फक्त चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं दाखवलं जातं तेवढा वापर त्यातून वगळलाय. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. तिथं सभासद होऊन आपली गाणी नोंदवावी लागतात. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या आयुष्यभर आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत पोचतो. मी भेटलेल्या तरुणांपैकी निम्म्यांनी सही केलेल्या कराराची प्रत स्वतःकडं ठेवलेली नाही. काहींचा करार म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक अंगठा. कृपा करून प्रत ठेवा. चाल झाली की त्याच दिवशी मोबाइलवर म्हणून, तारीख सांगून जपून ठेवा.

आणि तुमच्या गावात असा कुणी असेल, शाळेचं स्वागतगीत बसवणारा, गणपती मंडळाची आरती बांधणारी, तर त्यांच्याकडं जा. हार-तुरे नकोत. पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि अडलं कुठं ते विचारा.

गुरुजी आता 84 वर्षांचे आहेत. हात थरथरतो, पेटी बंद आहे. त्या पहिल्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मी बरोबर आणलंय आणि त्यांच्या परवानगीनं आता लावते आहे. सुरुवातीला पंख्याचा आवाज येईल, मग आतून काकू चहाचं विचारतील, ते मी कापलेलं नाही. तिसरा चरण संपला की कान द्या. दादा, लावा.