पांढऱ्या पेटीतला जानेवारी

[रामकुंड, पहाट. पाण्यावरून वाफ उठते आहे.]

जानेवारी. रामकुंडावर अजून उजाडायचं आहे. पाण्यातून वाफ निघतेय, आणि पायरीवर कुडकुडत उभे असलेल्यांच्या तोंडातूनही. चहाच्या गाडीवर आलेला प्रत्येक जण कानटोपी सारखी करत एकच विचारतो, "आज किती?"

[वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मथळ्यांवर कॅमेरा]

पारा घसरला. नाशिक गारठलं. निफाडला हुडहुडी. या तीन मथळ्यांवर इथली वर्तमानपत्रं दोन महिने सहज काढतात. आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो कुठून आला, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर.

आम्ही ती शेवटची ओळ शोधत निघालो.

[मोकळं मैदान, तारेचं कुंपण. मधोमध पांढरी पेटी. आवाज नाही. चार सेकंद.]

लाकडाची पेटी, चार पायांवर उभी. आमचा कॅमेरामन पहिल्या दिवशी तिला मधमाश्यांची पेटी समजला होता. चारही बाजूंना झडपा, त्याही दुहेरी. वारा आत जातो, ऊन जात नाही. रंग पांढराच हवा. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सूर्य आत डोकावणार नाही. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने ही रचना १८६४ च्या सुमारास मांडली. त्याचा मूळ धंदा दीपगृहं बांधण्याचा. पेटीला त्याचंच नाव पडलं, स्टीव्हन्सन स्क्रीन. इथले लोक नुसतं 'स्क्रीन' म्हणतात.

[दार उघडतं. चार नळ्या.]

आत चार थर्मामीटर, दोन उभे, दोन आडवे.

उभ्यांपैकी एक कोरडा, ड्राय बल्ब. तो आत्ताच्या हवेचं तापमान सांगतो. त्याच्या शेजारी वेट बल्ब. याच्या टोकाला मलमलीचं फडकं गुंडाळलंय, आणि त्यातून निघालेली वात खालच्या पाण्याच्या बाटलीत बुडवलीय. पाणी उडून जाताना बल्ब गार होतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त गार. दोघांतल्या फरकावरून हवेतला ओलावा काढतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला भुरी येणार की डावणी, या वेलीवरच्या रोगांची चिंता असते, ती याच ओलाव्यापायी.

आता आडवे दोन. वरवर बघितलं तर सारखेच. एकात पारा आहे, तो दिवसाचं कमाल तापमान धरून ठेवतो. दुसरा किमान तापमानाचा.

[अगदी जवळून : नळीतली बारीक काळी कांडी]

इथे जरा थांबा. ही कांडी नीट बघा.

या नळीत पारा नाही, अल्कोहोल आहे. त्यात ही बारीकशी, डंबेलच्या आकाराची कांडी बुडालेली आहे. रात्री गारठा वाढतो तसं अल्कोहोल आकसत मागे सरकतं आणि आपल्या पृष्ठभागाच्या टोकाने कांडीलाही मागे ओढत नेतं. पहाटे थंडी टोकाला जाते. मग सूर्य वर येतो, अल्कोहोल पुन्हा पसरतं, पण आता ते कांडीच्या बाजूने निघून जातं. कांडी जिथे होती तिथेच पडून राहते.

साडेआठला निरीक्षक इथे पोहोचतो तेव्हा रात्रीची खरी थंडी निघून गेलेली असते. ती जिथवर आली होती, तिथे ही कांडी तेवढी असते.

म्हणजे नाशिकमध्ये रोज सकाळी 'पारा घसरला' असं छापून येतं, आणि ज्या नळीवरून ते छापतात तिच्यात पाऱ्याचा थेंबही नसतो. मथळा बदला असं आमचं म्हणणं नाही. 'अल्कोहोल घसरलं' असं छापलं तर लोक भलताच अर्थ काढतील.

[घड्याळ : ८.२७. निरीक्षक, स्वेटर, हातात रजिस्टर आणि पेन्सिल]

आठ सत्तावीस. वाचायचं भरभर, कारण माणूस पेटीजवळ आला की त्याच्या अंगाची ऊब आणि श्वासही आत जातो. डोळा नळीच्या बरोबर समोर. जरा वरून किंवा खालून पाहिलं की दशांशाचा घोळ. आणि दशांशापेक्षा मोठी चूक म्हणजे पाच किंवा दहा अंशांची. ऐकायला खोटं वाटतं, पण थंडीने डोळ्यांत पाणी आलेलं असताना ६.८ ला ११.८ वाचणं फार सोपं आहे. म्हणून लिहून झालं की तो पुन्हा वाकून बघतो.

[निरीक्षक वाकून बघतो. लिहितो. पुन्हा बघतो.]

आकडा पडद्यावर आहे, तुम्हीच वाचा.

मग तो मान वर करतो. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. आज शून्य. समोरची झाडं कुठपर्यंत स्पष्ट दिसतात, धुकं आहे का, दव पडलंय का. पर्जन्यमापकाचं झाकणही काढून बघायचं. जानेवारीत तो बहुतेक कोरडाच असतो, तरी शून्य लिहावं लागतं. लिहिलेलं शून्य आणि रिकामी सोडलेली चौकट यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

[नकाशा. ठिपके एकेक करून उजळतात.]

साडेआठ म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटेचे तीन. देशभरात हीच वेळ. दिब्रुगडमध्ये सूर्य चांगला वर आलाय, द्वारकेला तो उगवून तासभरच झालाय. उजेडात दोन टोकांना तास-दीड तासाचा फरक, पण घड्याळ एकच. लेहमध्ये कुणी उणे आकडा वाचतंय, तिरुवनंतपुरममध्ये विशीच्या पुढचा. श्रीनगरमध्ये 'चिल्लई कलान' चालू आहे, २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस. मालेगाव, जळगाव, महाबळेश्वर, सगळीकडे कुणी तरी वाकून बघतंय.

[निरीक्षकाच्या हातातला कागद. पाच-पाच आकड्यांचे गट.]

हे सगळं पुढे जातं ते अशा आकड्यांत. समजा गट आहे १००७४. पहिला १ हा गटाचा क्रमांक, म्हणजे पुढे हवेचं तापमान येतंय. नंतरचा ० म्हणजे शून्याच्या वर. ०७४ म्हणजे ७.४ अंश. त्या पहिल्या शून्याच्या जागी चुकून १ पडला, तर तेच उणे ७.४ होतं आणि एका आकड्याने नाशिकचं लेह होतं. किमान तापमानाचा गट २ ने सुरू होतो. २००६१, म्हणजे ६.१. पूर्वी हे गट तारेने जात. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवाच बंद झाली. आकड्यांची ही भाषा अजून चालू आहे.

[काचेचा गोळा. सूर्य त्यात उलटा दिसतोय.]

हे दृश्य आम्हाला निफाड तालुक्यात मिळालं, आणि खरं सांगायचं तर फिल्ममध्ये ते असावंच म्हणून हा भाग इथे आहे. काचेचा भरीव गोळा. मागे कार्डाची पट्टी. ऊन पडलं की गोळा ते एका बिंदूवर आणतो आणि कार्ड जळत जातं. ढग आला की जळणं थांबतं. संध्याकाळी जळलेली रेघ मोजली की ऊन किती तास होतं ते कळतं. पट्ट्या तीन तऱ्हेच्या असतात. हिवाळ्यातली आखूड आणि वाकडी, कारण सूर्य खालून जातो आणि लवकर मावळतो.

[जळलेली तपकिरी रेघ. कार्डाची कड किंचित धुरकट.]

अख्खा दिवस तुमच्यासमोर आहे.

[निफाड. गव्हाचं शेत, पहाट. पातीवर पांढरं.]

नाशिकचे दोन आकडे असतात. एक शहराचा, पेठरोडच्या हवामान निरीक्षण केंद्राचा. दुसरा निफाडचा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली गेला होता आणि निफाडचं नाव राज्यभर झालं.

एका बागायतदाराने आम्हाला बांधावरच अडवलं. "दादा, पेपरात पाच लिहिता, अन् माझ्या बागेत दव गोठलंय. खोटं कोन बोलतंय?"

कोणीच नाही. पेटीतले थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि सगळ्यात आधी तिच्या लगतची हवा गार होते. गार हवा जड, ती तळाशी बसते. चार फुटांवर पाच अंश असताना गवताच्या पातीवर शून्य असू शकतं. म्हणून शेतीच्या हवामान केंद्रांत आणखी एक थर्मामीटर उघड्यावर, गवताच्या अगदी टोकाशी आडवा ठेवतात, ग्रास मिनिमम. त्याचा आकडा पेपरात येत नाही.

[द्राक्षबाग. ओळींमधून शेकोट्यांचा धूर. तडकलेले मणी, जवळून.]

पहाटे तीनला ड्रिप सोडायचं, ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या. तरी मणी तडकतात, आणि वर्षाचा पैसा जातो.

[रजिस्टर. पान उलटलं जातं.]

आता महिना. आम्हाला खरं दाखवायचं होतं ते हेच, आणि कॅमेऱ्यासमोर यात दिसण्यासारखं सगळ्यात कमी आहे.

एकतीस सकाळींचे एकतीस किमान आकडे. बेरीज, भागिले एकतीस. रोज संध्याकाळी साडेपाचला वाचलेल्या कमाल तापमानाचंही तसंच. पाऊस किती, आणि पावसाचे दिवस किती. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. एवढ्या हिशेबातून जानेवारीची एक ओळ तयार होते.

ती ओळ आणि मथळा यांचं बहुतेक वेळा पटत नाही. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारा हिवाळी ढग-पावसाचा पट्टा, सरकला की आपल्याकडे ढग येतात आणि रात्री उबदार होतात. तो पुढे गेला की उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि दोन-तीन रात्री कडाक्याच्या जातात. गाजतात त्या दोन-तीन रात्री. ढगाळ दहा रात्रींची बातमी होत नाही. महिन्याच्या बेरजेत मात्र त्या तितक्याच वजनाने येतात, आणि 'यंदा काय थंडी होती!' म्हणणाऱ्या नाशिककराचा जानेवारी कागदावर सरासरीच निघतो. आमचा विश्वास त्या कागदावर आहे. चहाच्या गाडीवर हे बोलून बघितलं. कोणी ऐकून घेतलं नाही.

'थंडीची लाट' या शब्दालाही नियम आहे. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं, आणि शिवाय ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेलं हवं. नाहीतर थेट ४ अंश किंवा त्याखाली. नेहमीपेक्षा म्हणजे तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा, सध्या १९९१ ते २०२०. आणि एक गंमत, हवामान खात्याच्या लेखी हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. डिसेंबर मोसमी पावसानंतरच्या हंगामात मोडतो. कानटोपी घातलेल्या माणसाला हे सांगू नका.

ही तीस वर्षं रोजच्या नोंदींतून येतात. महिन्यात अकरा किंवा जास्त दिवसांचे आकडे नसले, किंवा सलग पाच दिवस चुकले, तर जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे त्या महिन्याची सरासरी काढायचीच नसते. सलग पाच दिवस म्हणजे एक ताप, किंवा घरातलं एक लग्न.

[पुणे, शिवाजीनगर. दगडी इमारत, वरती मनोरा.]

पुण्यातला रिक्षावाला याला 'सिमला ऑफिस' म्हणतो. हवामान खातं १८७५ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, पुढे सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये इथे आलं. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, सिमल्याचं नाव चौकाला चिकटून राहिलं. देशभरातल्या नोंदी याच शहरात तपासल्या जातात आणि जपल्या जातात.

७ जानेवारी १९४५, नाशिक, ०.६ अंश सेल्सिअस. त्याही सकाळी कुणी तरी दार उघडून बघितलं होतं.

[स्वयंचलित केंद्र. खांब, सौर पट्टी.]

आता अशी केंद्रं जागोजाग उभी राहतायत. रात्रंदिवस, मिनिटामिनिटाचा आकडा देतात, आणि पाऱ्याचे थर्मामीटर तर जगभरातच हद्दपार होतायत. यंत्राला विरोध नाही. पण जुनी पेटी काढली, जागा शंभर पावलं हलवली किंवा शेजारी इमारत उठली, की आकडा बदलतो, आणि तो हवा बदलली म्हणून बदलला की जागा बदलली म्हणून, हे ओळखायला दोन्ही उपकरणं काही काळ शेजारी-शेजारी चालवावी लागतात. याला वेळ लागतो आणि माणूस लागतो. पातीवर पांढरं पडलंय, हे या खांबाला दिसत नाही.

[पुन्हा तीच पेटी. ऊन वर आलंय. निरीक्षक किमान थर्मामीटर हलकेच तिरका करतो. कांडी घरंगळत अल्कोहोलच्या टोकाला येऊन थांबते.]

कांडी पुन्हा जागेवर आली. आजच्या रात्रीसाठी.

निरीक्षक दार लावत नाही अजून. वेट बल्बचं फडकं धुळीने मळलंय. मळलं की पाणी नीट चढत नाही आणि आकडा चुकतो, म्हणून आठवड्याला बदलायचं. खिशातून तो मलमलीचा नवा तुकडा काढतो आणि दाताने दोरा तोडतो.

[दोरा बांधणारी बोटं. गारठ्याने लाल.]