बुडबुड्यांमागून चालणारं पाणी

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. आपल्या पूर्व विदर्भात बोडीत म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, मामा तलावात म्हणजे माजी मालगुजारी तलावात मासोळी पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली. आता शेततळ्यात आणि ताडपत्रीच्या गोल टाक्यांतही ती वाढते. या पाण्यात आपण पंपानं जी हवा सोडतो, तिच्याविषयी आज बोलतो.

घरी एक करून बघा. काचेच्या उंच बरणीत पाणी घ्या, तळाशी हवेची नळी सोडा आणि चिमूटभर हळद टाका. बुडबुडे एकटे वर जात नाहीत, भोवतालचं पाणीही ओढून नेतात. हळद मधून चढते, काठानं उतरते. बरणी अरुंद, म्हणून चढणारं आणि उतरणारं पाणी एकमेकांना रेटतं, आणि बुडबुड्यांची धार डावीउजवीकडे झोके घेऊ लागते.

4 मीटर व्यासाच्या, 1 मीटर पाण्याच्या टाकीत धारेला मोकळी जागा मिळते. वर पोचलेलं पाणी चहूकडे पसरतं आणि थोडं दूर जाऊन खाली वळतं. हा फेरा किती लांब जाईल, ते बरंचसं पाण्याच्या खोलीवर ठरतं. तळं रुंद केलं म्हणून फेरा तेवढा लांबत नाही, आणि नेमकं हेच आपल्या ध्यानात येत नाही.

माझ्या 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल शेततळ्यात पहिल्या वर्षी मी टाकीतलाच एक हवेचा दगड, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचा छिद्रांचा दगड, मधोमध सोडला. पाणी उकळल्यासारखं दिसायचं, मी निश्चिंत होतो. एका पहाटे बघतो, तर सारी मासोळी त्या बुडबुड्यांभोवती दाटलेली. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेही श्वास घेतं. उजाडायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी उरतो. कोपऱ्यांपर्यंत माझी हवा पोचलीच नव्हती.

दगड बारीक छिद्रांचा घ्या. 10 मिलिमीटरच्या एका बुडबुड्यातली हवा 1 मिलिमीटरच्या हजार बुडबुड्यांत वाटली, तर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग दहापट होतो. वर पोचायला बुडबुड्याला काही सेकंदच मिळतात, तेवढ्यात प्राणवायू विरघळायचा असतो.

आणि उन्हाळ्यात जपा. वरचं पाणी तापतं, तळाशी थंड, प्राणवायू नसलेलं पाणी बसून राहतं. ते एकदम ढवळलं तर मासोळी दगावते. पहिल्या दिवशी पंप थोडाच वेळ चालवा, मग रोज वेळ वाढवत न्या.

यंदा मी चार दगड चार बाजूंना सोडले. रात्री लाईन होती, पंप उजाडेपर्यंत चालला. पहाटे बॅटरी घेऊन काठावर गेलो, तर मासोळी तळ्याभर विखुरलेली होती.