पदकाआधीची वकिली : कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली

८ जानेवारी २००१. वॉशिंग्टन. पायउतार होण्याआधी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल देत आहेत. मानकऱ्यांत मुहम्मद अली आहेत, एलिझाबेथ टेलर आहेत. आपण मात्र दोनच नावं शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

एक रूबी ब्रिजेस. १९६० साली, सहा वर्षांची असताना, केंद्र सरकारच्या मार्शल अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत शिरलेली कृष्णवर्णीय मुलगी. दुसऱ्या, ७९ वर्षांच्या न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली. शाळांतली वर्णानुसार वेगळी व्यवस्था बेकायदा ठरवणाऱ्या ज्या निकालानं रूबीला तो हक्क दिला, त्या ‘ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ’ खटल्याचं मूळ वादपत्र मॉट्लींनी लिहिलं होतं.

मॉट्लींचा जन्म १९२१चा, न्यू हेवनमधला. आईवडील नेव्हिस बेटावरून आलेले, घरात बारा भावंडं. कॉलेजला पैसे कुठून आणणार? सभेत या मुलीचं बोलणं ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली या गोऱ्या उद्योजकानं तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. पुढे कोलंबियातून कायद्याची पदवी, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थरगुड मार्शल यांच्या हाताखाली काम.

जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणानं फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात अर्ज केला जानेवारी १९६१मध्ये. प्रवेश मिळाला १ ऑक्टोबर १९६२ला; आदल्या रात्रीच्या दंगलीत दोघांचा जीव गेल्यावर. मधल्या काळात त्याच्या वकील म्हणून मॉट्ली न्यूयॉर्कहून पुन्हा पुन्हा दक्षिणेत जात राहिल्या. तिथले त्यांचे सोबती नागरी हक्क कार्यकर्ते मेडगर एव्हर्स. पुढच्याच वर्षी एव्हर्सना त्यांच्या घराच्या अंगणात गोळी घातली गेली. मॉट्ली रोज कसल्या वातावरणात कोर्टात उभ्या राहत असतील, याचा विचार करून पाहा.

सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले लढवले, नऊ जिंकले. दहावा ‘स्वेन विरुद्ध अलाबामा’. सरकारी वकील ज्यूरीतून कृष्णवर्णीयांची नावं सर्रास वगळत, त्याविरुद्धचा. १९६५मध्ये तो हरला. मला हीच हार सर्वांत मोलाची वाटते, कारण एकवीस वर्षांनी त्याच न्यायालयानं ‘बॅटसन’ खटल्यात मॉट्लींचा मुद्दा बराचसा मान्य केला.

१९६६ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांची नेमणूक केली आणि त्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश झाल्या. पुढे स्त्रियांना डावलल्याचा दावा एका वकिली फर्मवर झाला. खटला मॉट्लींसमोर आला. तुम्ही स्त्री आहात, कृष्णवर्णीय आहात, अशाच भेदभावाविरुद्ध लढलेल्या आहात, तेव्हा बाजूला व्हा, अशी मागणी फर्मनं केली. १९७५मध्ये मॉट्लींनी ती फेटाळली. वंश आणि लिंग तर प्रत्येक न्यायाधीशाला असतं. हे कारण धरलं तर या कोर्टात हा खटला कोणालाच चालवता येणार नाही, असं त्यांनी आदेशात लिहिलं.

त्या बाजूला झाल्या नाहीत.