वॅटचा आकडा आणि घरातला आवाज

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आहे त्याच होम थिएटरमधून मोठा आणि स्वच्छ आवाज’. खोली, वायर आणि सेटिंग या तिन्हींबद्दल बोलायचं आहे, आणि बरेच जण सेटिंगसाठीच आलेत हेही मला ठाऊक आहे. तरी सुरुवात खोक्यावरच्या वॅटपासून करू द्या. दर गणपतीला हेच होतं. चाकरमानी मुंबईहून नवा सेट घेऊन येतो, जुना माळ्यावर जातो, आणि दसऱ्यापर्यंत घरात तीच तक्रार पुन्हा सुरू होते: आवाज मोठा आहे, पण बोललेलं कळत नाही.

खोक्यावर ठळक अक्षरांत असतं ‘१०,००० वॅट पीएमपीओ’. हा पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. निमिषभर निघू शकेल अशी कमाल शक्ती धरायची, ती प्रत्येक स्पीकरला लावायची, सगळ्यांची बेरीज करायची, की झाला आकडा तयार. त्यामानाने आरएमएस वॅट बरा, तो सलग देता येणाऱ्या शक्तीचा असतो. पण तिथेही बारीक अक्षरं वाचा. ‘१० टक्के टीएचडी’ (टीएचडी म्हणजे आवाजात आलेली विकृती) असं लिहिलं असेल तर त्या आकड्याला पोचेपर्यंत आवाज फाटलेला असतो. १ टक्क्याच्या आत मोजलेला आकडा त्याहून बराच खाली येतो. शिवाय पाचही स्पीकर एकदम वाजताना मोजलं की एकेक करून मोजलं, हेही पाहायला हवं.

घरी गेल्यावर सेट पुढे ओढा आणि मागची पाटी वाचा. पुढे १००० वॅट आणि मागे ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट’ अशी जोडी सापडली तर आश्चर्य मानू नका. पाटीवरचा आकडा सरासरी वापराचा असतो हे खरं, आणि ढोलाच्या एका थापेपुरती जादा शक्ती आतले, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर देतातही. पण प्लगमधून ६० वॅट घेणारी वस्तू सलग १००० वॅट बाहेर काढू शकत नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग आहे. त्या एका आकड्यापायी माणूस चांगला चालता सेट मोडीत काढतो.

बरं, समजा वॅट खरे आहेत. ५० चे १०० केले, तर आवाज दुप्पट होतो का? नाही होत. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल (आवाज मोजायचं एकक) वाढतात, कानाला ‘थोडा वाढला’ इतकंच जाणवतं. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची ‘सेन्सिटिव्हिटी’ वाचा. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज येतो, ते ती सांगते. ८४ डेसिबलचा आणि ९० डेसिबलचा स्पीकर यांत ६ डेसिबलचा फरक, म्हणजे चौपट वॅटचा फरक. स्पीकर घेताना विचारायचा आकडा तो.

त्याहून स्वस्त उपाय खुर्चीचा. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात, बंद खोलीत त्याहून कमी, पण ३-४ तरी मिळतातच. चार मीटरवरचा सोफा दोन मीटरवर आणणं म्हणजे अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, दुप्पट करण्यासारखं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. जुलैत पत्र्यावर पाऊस आदळत असतो तेव्हा आधी क, त, स ही व्यंजनं बुडतात. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवला की दणदणाट वाढतो. जवळ बसलात तर शब्द वाढतात.

आता खोली. इथे वॉलेस सबाइनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं, आणि त्यात वक्त्याचं बोलणं कोणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडायचे. काम भौतिकशास्त्राच्या या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, काही मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, मग आणखी उशा मांडायच्या आणि पुन्हा मोजायचं. दिवसा रस्त्याची वर्दळ, म्हणून मोजणी रात्री. सकाळच्या आत उशा परत जागेवर. यातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं: खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा, आणि खोलीतल्या पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने (चौरस मीटरमध्ये) भागा, आवाज किती सेकंद घुमेल ते मिळतं. १९०० साली उघडलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधलं गेलं.

हे सूत्र आपल्या हॉलला लावू. १२ फूट बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंतींना ऑइलपेंट. अशा खोलीत शोषण जेमतेम साडेतीन चौरस मीटरचं, म्हणजे आवाज पावणेदोन-दोन सेकंद घुमणार. संवाद नीट कळायला तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा, म्हणजे शोषण १३ चौरस मीटरपर्यंत न्यायला हवं. कापडी सोफा, स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी, सोफ्यामागच्या भिंतीवर दुपटीने चुण्या घातलेला जाड पडदा, पुस्तकांचं उघडं कपाट. घरात जुन्या साड्यांची गोधडी असेल तर ती दोरीवर भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. भिंतीला चिकटवलेल्या कापडापेक्षा अंतर सोडून टांगलेलं कापड बरंच जास्त काम करतं. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. ते पातळ असतात, बेसला काहीच करत नाहीत आणि आगीला आमंत्रण देतात.

कौलारू घराची गोष्ट उलटी आहे. कौलांच्या फटींतून आणि माजघराच्या उघड्या दारातून आवाज निघून जातो, त्यामुळे घुमत नाही, पण बेसही टिकत नाही. तिथे सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर, चिऱ्याच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवा, बेस भरून येईल. स्लॅबच्या चौरस खोलीत कोपरा टाळा. १२ फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा सूर अडकतो, लांबी-रुंदी सारखीच असली की दोन्ही बाजूंनी तोच अडकतो, आणि प्रत्येक गाण्यात तीच एक घूं ऐकू येते. सबवूफर क्षणभर सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा, आणि भिंतीकडेने ओणवे होऊन फिरा. जिथे बेस एकसारखा, स्पष्ट ऐकू येईल तिथे सबवूफरची कायमची जागा.

वायरकडे वळतो. सेटसोबत येणारी वायर केसासारखी बारीक असते. पाव स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १० मीटर मागच्या स्पीकरपर्यंत नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे सुमारे १.४ ओहम. चार ओहमच्या स्पीकरपर्यंत निम्म्याहून थोडी जास्त शक्ती पोचते, बाकीची स्पीकरला मिळतच नाही. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वापरा, नुकसान दहाएक टक्क्यांवर येतं. मात्र तांबं तपासून घ्या. एक तार काढून ब्लेडने खरवडा. लाल रंग निघून आत पांढरी चमक दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. विजेला त्याचा विरोध जास्त, आणि आपल्या खाऱ्या हवेत कापलेल्या टोकाला दोन धातू उघडे पडले की गंज लवकर धरतो, टोकावर पांढरी भुकटी जमते, आवाज कुरकुरायला लागतो. किनाऱ्यावर पावसाळा संपला की प्रत्येक टोक अर्धा इंच कापून नव्याने सोलून घट्ट बसवायचं. जमलं तर टोकाला आधी सोल्डरचा थर द्यायचा, तेवढं करूनही किती फरक पडतो ते ऐकून पाहा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरली. सेटिंग भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी जोडणी. लाल टोक लालला, काळं काळ्याला. शंका असेल तर स्पीकर अँपमधून सोडवून त्याच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक लालला असताना कोन बाहेर आला पाहिजे. पुढच्या दोघांपैकी एक उलटा असेल तर बेस एकमेकांना खाऊन टाकतो, आणि माणसं म्हणतात सेट फुसका आहे. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून आवाज घेऊ नका, एचडीएमआयची ‘एआरसी’ लिहिलेली जागा किंवा ऑप्टिकल वायर घ्या. टीव्हीच्या ऑडिओ मेनूत पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम निवडा, नाहीतर पाच स्पीकर असून बऱ्याचदा दोनच वाटांचा आवाज पोचतो. सेट टॉप बॉक्सचा व्हॉल्यूम भरपूर ठेवा, कमीजास्त अँपवरून करा, म्हणजे सूंsss कमी होते.

पुढचे दोन स्पीकर कानाच्या उंचीवर, बसल्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्हीकडे ३०-३० अंशांवर. मागचे दोन अगदी पाठीमागे नकोत, कानांच्या जरा मागे, ११० अंशांच्या सुमारास. सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, शोकेसच्या आत खोल सारू नका, कडेला आणून किंचित वर कलता ठेवा. बहुतेक संवाद त्यातूनच येतात. अँपच्या मेनूत छोटे स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झपासून सुरू करा. अगदी लहान सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० पर्यंत न्या. मग टेस्ट टोन लावून बसल्या जागी सगळे सारखे करा. फोनमधलं मीटर आकडा चुकीचा दाखवेल, पण तुलनेला चालतं. त्यावर सेंटर २-३ डेसिबल चढवा. सबवूफरचं फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहा, बेस जास्त भरेल तिकडे ठेवा. रात्री नाइट मोड लावा, स्फोट खाली येतात आणि कुजबुज वर येते.

संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं तर ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपची कमाल शक्ती दोन-तृतीयांशावर येऊ शकते. त्यात व्हॉल्यूम चढवला की आवाज कापला जातो आणि आधी ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जळतो. तिथे स्टॅबिलायझर लावा. एसएमपीएसवाल्या, म्हणजे व्होल्टेजची चढउतार स्वतःच सांभाळणाऱ्या नव्या पद्धतीच्या पुरवठ्याच्या सेटला तो लागत नाही.

आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात गडगडायला लागलं की फक्त विजेचा प्लग काढून भागत नाही. डिशची केबल आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढा, कारण वीज त्या वाटेने टीव्हीत आणि तिथून एचडीएमआयमधून अँपमध्ये शिरते.