सत्तावीस नंबरची मैत्रीण

(पडद्यावर: पहाट. धक्क्याला बांधलेली लाँच. दोर सुटतो.)

ही लाँच घड्याळावर सुटत नाही, भरतीवर सुटते. चंद्र पृथ्वीभोवती रोज थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून आजच्या भरतीपेक्षा उद्याची भरती साधारण ५० मिनिटं उशिरा येते. बेटाच्या धक्क्यापाशी पाणी उथळ आहे. ओहोटीला पोचलात तर लाँच चिखलात रुतते आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत बसून राहावं लागतं. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. "भरती बघून नीघ," म्हणाली आणि फोन ठेवला.

चोवीस वर्षांनी ऐकलेला तिचा आवाज. त्या रात्री मी ती तीनच अक्षरं, भरती, मनात घोळवत पडले होते.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. हजेरीपटावर माझा नंबर सव्वीस, तिचा सत्तावीस. पुढच्या वर्गांत नंबर बदलले, हाका मात्र त्याच राहिल्या. तिच्या आईनेही मला कधी नावाने हाक मारली नाही. दारात माझी चप्पल दिसली की आतून विचारायच्या, "सव्वीस आली का गं?"

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी माणसं एकमेकांची मित्र कधी होतात याचा हिशेब मांडला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. शाळेचा दिवस पाच तासांचा धरला तर दोनशे तास म्हणजे चाळीस दिवस. आम्ही एका बाकावर सहा वर्षं बसलो. एवढ्या वेळात मैत्री झाली यात नवल नाही. ती मी हातातून सुटू कशी दिली, हे मला इतकी वर्षं उलगडत नव्हतं.

(पडद्यावर: लाँचच्या मागे पसरत जाणारी पाण्याची रेघ. किनारा धूसर होतो.)

भांडण झालं नव्हतं. शाळा संपल्यावर मी एका दिशेला गेले, ती दुसऱ्या. पत्रं होती, पुढे वाढदिवसाचे फोन. मग तिची आई गेली. मला कळलं ते दीड महिन्याने, तेही तिसऱ्याच कुणाकडून. तेव्हाच उठून जायला हवं होतं. मी पत्र लिहायला बसले. चार ओळी लिहिल्या आणि कागद फाडला, कारण दीड महिना उलटून गेल्यावर कोणत्या तोंडाने लिहायचं, असं वाटलं. दीड महिन्याचे सहा महिने झाले. मग वर्ष झालं. आता पत्रात आधी उशिराचं कारण द्यावं लागणार होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. त्या लाजेपायी मी चोवीस वर्षं घालवली.

असं करणारी मी एकटी नाही, हे मला फार उशिरा कळलं. लारा अ‍ॅकनिन आणि गिलियन सँडस्ट्रॉम या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्याची आठवण येते, ज्याला आपला निरोप मिळाला तर आनंद होईल, अशा जुन्या मित्राला निरोप लिहायला त्यांनी लोकांना सांगितलं. लिहायला वेळ दिला, पाठवायलाही वेळ दिला. पत्ता, नंबर, सगळं हाताशी होतं. तरी एक तृतीयांशाहून कमी लोकांनी तो निरोप पाठवला. अनोळखी माणसाशी बोलायला जितकं जड जातं, तितकंच जुन्या मित्राला हाक मारायलाही जातं, असं त्यांना दिसलं. त्यांना एक उपायही सापडला. आधी तीन मिनिटं रोजच्या मित्रमैत्रिणींना निरोप पाठवायचे आणि हात सरावला की मग जुन्या माणसाला लिहायचं. अशा लोकांत निरोप पाठवणारे बरेच जास्त निघाले.

मी तसंच केलं. आधी बहिणीला लिहिलं, मग शेजारणीला, मग ऑफिसातल्या एकीला. आणि त्याच दमात तिला: "सत्तावीस, आहेस का?"

सहा तासांनी उत्तर आलं. "हजर."

(पडद्यावर: क्षितिजावर बेट. हळूहळू झाडं, मग धक्का, मग माणसं.)

बेट दिसायला लागलं आणि मला वेगळीच धास्ती वाटली. ती ओळखू येईल का? मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये याचाच माग काढला होता. शाळा सोडून काही महिने झालेल्यांपासून ते जवळजवळ पन्नास वर्षं झालेल्यांपर्यंत ३९२ जणांना त्यांनी वर्गसोबत्यांचे जुने फोटो दाखवले. पस्तीसेक वर्षांनीही लोक दहातले नऊ चेहरे ओळखत होते. वाचून धीर यावा असाच हा आकडा आहे. पण ते फोटो शाळेतलेच होते. चेहरा त्याच वयाचा, तसाच थांबलेला. धक्क्यावर मात्र पन्नाशी ओलांडलेली बाई उभी असणार होती.

तसा चेहरा मला ओळखता आलाच नाही. केस पांढरे, आखूड कापलेले. चष्मा. उन्हाने रापलेला रंग. मी गर्दीत दुसऱ्याच एका बाईकडे बघून हात हलवला. मग कडेला एक बाई दिसली. ती उजव्या पायाच्या टाचेने डाव्या पायाचा घोटा घासत उभी होती. प्रार्थनेच्या रांगेत माझ्यापुढे उभी राहून ती रोज हेच करायची. त्या घोट्यावर मोज्याची नक्षी उमटलेली असायची.

तिने हाक मारली, "सव्वीस!"

आम्ही मिठी वगैरे मारली नाही. तिने माझी पिशवी घेतली आणि चालायला लागली. मी मागून.

(पडद्यावर: दोघींच्या पाठी. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना झाडी.)

खऱ्या मैत्रीत काळ आडवा येत नाही, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्या वाटेवर काळ पुरता आडवा पडला होता. तिला मुलगा आहे आणि तो वीस वर्षांचा आहे, हे मला चालता चालता कळलं. माझा एक डोळा अधू झालाय, हे तिला सांगावं लागलं. बोलताना मध्येच दोघी गप्प व्हायचो, कारण पुढचं वाक्य समजायला आधीची दहा वर्षं माहीत असायला हवी होती. गेलेली वर्षं भरून निघत नाहीत. आपण फक्त त्यांच्या कडेकडेने चालू शकतो, आणि त्या दिवशी आम्ही तेच करत होतो.

मग विहीर आली, आणि ती बोलायला लागली.

ती या बेटावर आली ती दोन वर्षांच्या कामासाठी. विहिरींची पातळी मोजायची आणि पाण्यातला खारटपणा तपासायचा. काम संपलं, ती राहिली. तिने मला पाण्याचा पेला दिला. मी प्यायले. गोडं पाणी, अगदी किंचित मचूळ, गिळून झाल्यावर जिभेच्या कडेला जाणवेल इतकंच.

"सगळीकडे समुद्र, मग हे पाणी येतं कुठून?" मी विचारलं. तिने खिशातून खडू काढला आणि विहिरीच्या कठड्यावर एक भिंग काढलं, वरून जेमतेम फुगलेलं, खालून चांगलंच पोट सुटलेलं.

(पडद्यावर: कठड्यावरची खडूची आकृती. तिचं बोट रेषेवरून फिरतं.)

पाऊस पडतो, जमिनीत मुरतो आणि बेटाच्या पोटात शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडं पाणी हलकं, खारं जड. फरक अगदी थोडा, शेकडा अडीचच्या आसपास. पण त्या फरकाचं गणित असं निघतं की समुद्राच्या पातळीपासून गोडं पाणी एक मीटर वर असेल, तर खाली ते सुमारे चाळीस मीटर खोल गेलेलं असतं. हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन गायबेन या डच अभियंत्याने मांडला आणि १९०१ मध्ये हेर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने, स्वतंत्रपणे. आजही तो दोघांच्या नावाने ओळखला जातो.

"आता उलटं बघ," ती म्हणाली. "वरची पातळी एक हात उतरली की खालून समुद्र चाळीस हात वर येऊ बघतो."

काही वर्षांपूर्वी या विहिरीवर मोटर बसवली होती. पाणी भरपूर यायचं, लोक खूश होते. तिने सांगून पाहिलं की एका जागी इतका उपसा नको. कुणी मनावर घेतलं नाही. एके दिवशी पाण्याची चव फिरली. शंभर बादल्या गोड्या पाण्यात दोन बादल्या समुद्राचं पाणी मिसळलं तरी ते जिभेला कळतं. मोटरखाली खाऱ्या पाण्याचा उंचवटा तयार झाला होता. मोटर काढली, विहीर बंद ठेवली.

"मग?"

"मग काही नाही. दोन पावसाळे थांबले. रोज येऊन मोजत होते."

"रोज? वापरात नसलेली विहीर?"

"मोजल्याशिवाय कसं कळणार, परत येतंय की नाही ते."

आता मोटर नाही. रहाट आहे, बादल्या ठरलेल्या आहेत आणि बेटावर जागोजागी उथळ विहिरी आहेत, म्हणजे एकीवरच भार येत नाही. ती हे सांगत असताना मी तिच्याकडे बघत होते. वर्गात गणित सुटलं की तिचा खालचा ओठ असाच थोडा पुढे यायचा.

(पडद्यावर: रात्र. ओटा. कंदिलाचा उजेड. दूरवर भरतीचा आवाज.)

आईचा विषय मीच काढला. तिने काढला असता तर मला तोंड वर करता आलं नसतं. मी सांगितलं की पत्र लिहायला बसले होते, फाडलं, आणि नंतर प्रत्येक वर्षी ते लिहिणं आणखी अवघड होत गेलं. सांगून गप्प बसले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तुला कळवलंच नव्हतं. शेवटच्या आठवड्यात आई विचारायची, सव्वीस आली का. मी म्हणायचे, येतेय. तुझा नंबर होता माझ्याकडे. फोन करायचा धीर नाही झाला, कारण केला असता तर ती जातेय हे खरं झालं असतं. मग तू आली नाहीस, तेव्हा वाटलं, कशी येईल, मी सांगितलंच कुठे. आणि नंतर सांगायलाही उशीर झाला."

म्हणजे बेटावर आणि किनाऱ्यावर, दोन घरांत, दोन बायका एकाच गोष्टीची लाज धरून बसल्या होत्या. दोघींना वाटत होतं की दुसरी रागावली आहे. रागावलेलं कुणीच नव्हतं.

मी रडले. तिने कंदिलाची वात थोडी कमी केली आणि माझ्या शेजारी सरकून बसली. बाकावर बसायची तशी, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ.

(पडद्यावर: पहाट. विहीर. पोलादी टेप.)

माझी लाँच सकाळच्या भरतीवर होती. निघायच्या आधी ती मला विहिरीवर घेऊन गेली. पातळी मोजायची रीत अशी: टेपच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, टेप सावकाश आत सोडायचा, ठरलेला आकडा कठड्याच्या काठाशी धरायचा आणि वर ओढून घ्यायचा. जिथवर टेप भिजला, तिथवर खडूचा रंग गडद झालेला दिसतो. ती खूण धरलेल्या आकड्यातून वजा करायची.

तिने टेप माझ्या हातात दिला. मी खडू फासला. बोटांना तो कोरडा, पिठासारखा स्पर्श झाला आणि मला फळा पुसायची पाळी आठवली. तीन मीटरचा आकडा काठाशी धरला, वर ओढला. खूण त्रेसष्ट सेंटिमीटरवर.

"दोन मीटर सदतीस," मी मोठ्याने म्हणाले.

"काल सकाळी एक्केचाळीस होतं. चढलंय चार सेंटिमीटर."

तिने वही उघडली. तारीख, वेळ, २.३७. शेवटचा रकाना मोजणाऱ्याच्या नावाचा होता. पान उलटून मागे पाहिलं तर त्या रकान्यात ओळीने एकच आकडा होता, २७, २७, २७, पानंच्या पानं.

आजच्या ओळीत तिने लिहिलं, २६.