नाण्याकडे न बघणारं बाळ

(पडद्यावर : कृष्णधवल फोटो. बाई आणि बाळ.)

हा फोटो जरा निरखून बघा. अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य, १९२४. तिला सांभाळणाऱ्या डॉब्ज बाईंजवळची ही व्हिव्हियन, आठ महिन्यांचीसुद्धा नाही. तिच्यासमोर नाणं धरलंय, बाळाची समज तपासायची चाललीय. व्हिव्हियन भलतीकडेच बघतेय. आता या वयाचं पोर दुसरं काय करणार? पण फोटो काढणारे आर्थर एस्टाब्रुक युजेनिक्सवाले. माणसांची पैदास सुधारायला निघालेल्यांपैकी. कोर्टात त्यांनी शपथेवर सांगितलं, हे मूल सरासरीपेक्षा कमी आहे.

(पडद्यावर : शेजारी बसलेल्या दोघी.)

ही व्हिव्हियनची आई कॅरी बक, वय १८. सोबत कॅरीची आई एमा. लिंचबर्गजवळ फेफरेकरी आणि 'मतिमंद' माणसांसाठी सरकारी वसाहत होती, तिथे दोघींना ठेवलेलं. फोटो खटल्याच्या आदल्या दिवशीचा.

कॅरी वाढली ती आईकडे नाही, याच डॉब्ज बाईंच्या घरी. सहावीपर्यंत शाळेत बरी चालली होती, मग घरकामासाठी शाळा सोडवली. १७ व्या वर्षी दिवस गेले. डॉब्ज बाईंच्या भाच्याने बळजबरी केली, असं कॅरीने पुढे सांगितलं. वसाहतीत रवानगी झाली ती मात्र कॅरीची.

(पडद्यावर : खटल्याची कागदपत्रं.)

१९२४ मध्येच राज्याने अशा वसाहतींतल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. तो कोर्टात टिकतो का, हे बघायला एक खटला हवा होता. 'मतिमंदपणा' रक्तातूनच येतो हे दाखवायला आजी, आई, बाळ अशा तीन पिढ्या आयत्याच सापडल्या. वसाहतीचे वकील ऑब्री स्ट्रोड; कायद्याचा मसुदाही त्यांचाच. कॅरीचे वकील व्हाइटहेड हे स्ट्रोड यांचे जुने मित्र, शिवाय वसाहतीच्या संचालक मंडळाचे माजी सदस्य! कॅरीच्या बाजूने त्यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही. हॅरी लाफलिन या युजेनिक्सच्या तज्ज्ञाने तर कॅरीला न बघताच लेखी जबानी धाडली. एका समाजसेविकेने सांगितलं, बाळ दिसायला काही ठीक वाटत नाही, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. न्यायालयाला एवढं पुरलं.

२ मे १९२७. सुप्रीम कोर्ट, आठ विरुद्ध एक, नसबंदीच्या बाजूने. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं, मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या.

ऑक्टोबरात कॅरीची नसबंदी झाली. तिच्या धाकट्या बहिणीचीही केली, अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगून. अमेरिकाभर अशा नसबंदींचा आकडा ६०,००० च्या वर गेला, आणि नाझींच्या १९३३ च्या नसबंदी कायद्याला लाफलिनने लिहिलेला नसबंदीचा नमुना कायदा उपयोगी पडला.

(पडद्यावर : शाळेची नोंद.)

व्हिव्हियन शाळेत गेली. १९३१ मध्ये तिचं नाव गुणवंतांच्या यादीत आलं. पुढच्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, ती आजारपणात गेली.

(पडद्यावर : शार्लट्सव्हिलमधला स्मृतिफलक.)

हा फलक २००२ सालचा. राज्याच्या गव्हर्नरांनी तेव्हा माफीही मागितली. २०१५ मध्ये नसबंदी झालेल्यांपैकी हयात असलेल्यांना प्रत्येकी २५,००० डॉलर द्यायचं ठरलं. कॅरी १९८३ मध्येच गेली होती. तो निकाल सुप्रीम कोर्टाने अजूनही स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही.