आधी खडू, मग खरेदी

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी, नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर अशा आपल्या शहरांमध्ये नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून आलेली कितीतरी कुटुंबे दहा बाय बाराच्या एका खोलीत संसार मांडतात. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट. तेवढ्याच जागेत स्वयंपाक करायचा असतो, मुलांना अभ्यास करायचा असतो, पाहुणा आला तर त्याला बसवायचे असते आणि रात्री सगळ्यांना पाठ टेकायची असते. अशा घराची मांडणी कमी पैशांत आणि नेटकी कशी करावी, याविषयी आज मी बोलणार आहे. तीस वर्षांच्या संसारातून मी जे शिकलो, त्यातली मुख्य गोष्ट आरंभीच सांगतो, म्हणजे ती कानात राहील. आधी खडू, मग खरेदी. खडूचा संबंध काय, तेही पुढे सांगतो.

त्याआधी पाण्याविषयी थोडे बोलले पाहिजे. घर सजवण्याविषयी मासिकांत येणाऱ्या लेखांमध्ये सोफा, पडदे आणि दिवे यांची चर्चा असते. पाण्याच्या टिपाडाला मात्र तिथे जागा नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे, त्यामुळे आपल्या घरातले पहिले सामान म्हणजे पाण्याचा साठा. दोनशे लिटरच्या टिपाडाचा व्यास जवळजवळ दोन फूट आणि उंची सुमारे तीन फूट असते, आणि ते भरले की त्यातल्या पाण्याचेच वजन दोनशे किलो होते. म्हणजे ते एकदा ठेवले की हलत नाही. त्याची जागा मोरीलगत, जाण्यायेण्याच्या वाटेबाहेर, सर्वांत आधी ठरवावी. त्याच्या झाकणावर चौकोनी जाड फळी टाकली, तर तिच्यावर माठ, तांब्या आणि पेले ठेवता येतात, आणि तेवढी जमीन दुसऱ्या कामासाठी वाचते. आधी पाणी, मग अंथरूण, मग धान्य. या तीन गोष्टींच्या जागा ठरल्यानंतर उरलेल्या जागेचा विचार करावा.

आता खडूची गोष्ट.

१९९६ साली माझे लग्न झाले. मी परभणीत शिक्षक होतो आणि एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही खोली भाड्याने घेतली होती. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, जिंतूर तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी होते. त्यांनी लेकीला आंदण म्हणून एक दिवाण घेतला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच, अखंड पेटीचा आणि डोक्याकडे कोरीव नक्षीची फळी असलेला. दुकानातला सर्वांत देखणा दिवाण त्यांनी निवडला होता. त्यासाठी त्यांनी हातउसने पैसे घेतले होते, हे मला नंतर कळले. तो दिवाण टेम्पोत घालून आबा स्वतः परभणीला आले आणि चौघांनी तो उचलून जिन्याशी नेला.

जिना सव्वादोन फूट रुंद होता आणि मधोमध काटकोनात वळत होता. दिवाण आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, डोक्याकडची फळी काढून पाहिला. वळणावर तो प्रत्येक वेळी अडला. गॅलरीला लोखंडी जाळी होती, त्यामुळे दोरखंडाने वर ओढण्याचाही मार्ग नव्हता. शेवटी तो अंगणातल्या निंबाखाली ठेवला. घरमालकीण काकूंनी त्याच्यावर ताडपत्री घातली आणि सगळ्यांना चहा दिला. आबांनी चहा घेतला नाही. ते दिवाणाच्या कडेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आम्ही त्यांना जेवायला वर बोलावले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, “पोरीच्या घरात जात नाही, ते काय कामाचं दिलं मी?” ते वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. लेकीच्या लग्नात दिवाण, कपाट, गादी, भांड्यांची मांडणी असे सारे आंदण देण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती बंद झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कापूस विकून जेमतेम हातातोंडाची गाठ पडणारा बाप कर्ज काढून जे सामान घेतो, ते ज्या खोलीत जाणार ती खोली त्याने पाहिलेलीही नसते. मुलीला काही द्यायचेच असेल, तर तिच्या नावावर पैसे ठेवावेत आणि तिचे घर तिने पाहून, मोजून, हळूहळू मांडावे. माझ्या मुलीच्या लग्नाचा विषय निघेल तेव्हा मी हेच करणार आहे.

पुन्हा दिवाणाकडे येतो. दुसऱ्या दिवशी काकूंच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांच्याजवळ टेपही नव्हता. एक सुतळी होती आणि तिला फुटाफुटावर गाठी मारलेल्या होत्या. त्यांनी आधी जिना मोजला, मग दार, मग खोली, आणि सर्वांत शेवटी दिवाण. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “गुरुजी, खिशात खडू असेल ना?” माझ्या सदऱ्याच्या खिशात खडू होताच. त्यांनी तो घेतला आणि खोलीच्या शहाबादी फरशीवर रेघा ओढायला सुरुवात केली. इथे दार उघडते, म्हणून हा पाव गोल मोकळा. इथे टिपाड. इथे स्टोव्ह आणि बसून स्वयंपाक करण्याची जागा. इथून मोरीकडे जायची वाट, तीही निदान दोन फूट रुंद. एवढे आखून झाल्यावर त्यांनी दिवाणाची सहा बाय चारची चौकट आखली. ती चौकट मोरीच्या वाटेवर चढली होती. दिवाण जिन्यातून वर आला असता, तरी आम्ही रोज त्याला वळसा घालून, अंग चोरून वावरलो असतो. ती रेघ पाहिली नसती, तर हे आमच्या लक्षातही आले नसते.

मिस्त्रींनी ती चौकट पुसली आणि तिच्या जागी सहा बाय दोनच्या दोन चौकटी आखल्या, एक लांब भिंतीला लागून आणि दुसरी तिच्यासमोरच्या भिंतीला. ते म्हणाले, “मधोमध चिरू. दिवसा दोन बाकडी, रातच्याला एक पलंग.” मात्र पेटी मधोमध चिरली की दोन्ही अर्ध्यांची एकेक बाजू उघडी पडणार होती आणि त्या बुजवण्यासाठी सहा फुटी फळ्या लागणार होत्या. नवे सागवान घेण्याची आमची ऐपत नव्हती.

आबा हे सारे ऐकत होते. ते एक शब्दही न बोलता दुपारच्या एसटीने गावी गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले. त्यांच्या जुन्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, आदल्या वर्षी उतरवले होते आणि त्याच्या सागवानी किलचनाच्या, म्हणजे त्या मातीखाली अंथरलेल्या, फळ्या गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. त्यांतल्या निवडक फळ्या ते एसटीच्या टपावर बांधून घेऊन आले होते. धुराने काळ्या पडलेल्या त्या फळ्यांवर मिस्त्रींनी रंधा फिरवला, तेव्हा आतून मधाच्या रंगाचे लाकूड निघाले. आबांनी तो रंधा स्वतःच्या हातात घेतला आणि दिवसभर ते मिस्त्रींच्या जोडीने निंबाखाली राबले.

दोन पेट्या तयार झाल्या. प्रत्येकीच्या झाकणाला बिजागऱ्या लावल्या आणि रात्री दोन्ही पेट्या जोडल्यावर त्या सरकू नयेत, म्हणून दोन्ही टोकांना कडी आणि आकडा बसवला. एका पेटीत वाकळा आणि उशा, दुसरीत माझी पुस्तके आणि हिवाळ्याचे कपडे. डोक्याकडच्या नक्षीच्या फळीचे काय करायचे, असा प्रश्न आला, तेव्हा ती मिस्त्रींनी दाराच्या उंचीवर भिंतीला घट्ट ठोकून दिली आणि आमचे डबे तिच्यावर गेले. पत्नीने मात्र एक अट घातली होती की, ही फळी निजण्याच्या जागेवर येता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. ही अट मी आजही सर्वांना सांगतो. उंच फळी वापरावी, भरपूर वापरावी, पण झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर जड वस्तू ठेवू नये, आणि उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडून टाकावे.

पेट्या उभ्या धरून दोघा माणसांनी जिन्यातून सहज वर नेल्या. त्या दिवशी आबा त्या बाकड्यावर बसून आमच्या घरी पहिल्यांदा जेवले. आज त्यातली एक पेटी आमच्या ओसरीत आहे आणि दुसरी मुलगी लातूरला तिच्या खोलीवर घेऊन गेली आहे.

तेव्हा श्रोतेहो, आधी खडू, मग खरेदी. कोणतीही मोठी वस्तू घेण्यापूर्वी तिच्या मापाची चौकट फरशीवर आखावी आणि दोन दिवस ती वस्तू तिथे आहे असे समजून घरात वावरावे. पाय रेघेवर पडू लागले, तर ती वस्तू त्या जागी नको. आणि खोलीच्या आधी जिना व दार मोजावे.

सजावटीचे थोडक्यात सांगतो. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर सहा इंच घ्यावी आणि पडदा जमिनीपर्यंत सोडावा, म्हणजे भिंत उंच वाटते. त्यासाठी जुनी सुती साडी पुरते. आरसा खिडकीसमोर लावला, तर एका खिडकीचा उजेड खोलीभर पसरतो. भिंतीवर शोभेचे काही हवे असेल, तर प्लास्टिकच्या फुलांवर पैसे घालवण्याऐवजी सूत आणि रेशीम मिळून विणलेल्या आपल्या संभाजीनगरच्या हिमरूचा लहानसा तुकडा चौकटीत बसवावा. आपल्या विणकरांचे ते काम घरात रोज दिसले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

राहिला रंग. कमी खर्चात चुन्याला तोड नाही, फक्त तो नीट करावा लागतो. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विरू द्यावा. तो विरताना पाणी उकळते, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावेत. सकाळी तो फडक्यातून गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. तेलरंगाच्या भिंतीवर चुना धरत नाही. चुना अंगाला लागतो, म्हणून खालच्या तीन फुटांना डिस्टेंपर द्यावा. हाच चुना गच्चीवर दोनदा फिरवला, तर पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि स्लॅब कमी तापतो. चैत्र-वैशाखात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा खालच्या खोलीत हा फरक जाणवतो. हे काम ऊन तापण्याआधी, होळीच्या सुमारास उरकून घ्यावे. चुन्याला पाणी बरेच लागते, आणि त्यानंतर टिपाडातले पाणी त्यासाठी काढणे जिवावर येते.

नमस्कार.